नोकरी सांभाळून एमबीए करायचंय? फॉर्म भरण्याआधी एवढं बघाच

तुम्हाला नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली आहेत. काम हातात बसलंय, वरिष्ठांचा विश्वास आहे, पण बढतीची वेळ आली की त्या खुर्चीवर बाहेरून आलेला कुणी एमबीएवाला बसतो. मग एखाद्या रात्री मुलं झोपल्यावर तुम्ही मोबाइलवर 'एक्झिक्युटिव्ह एमबीए' असं टाइप करता, कुठल्याशा पानावर आपला नंबर टाकता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून फोन सुरू होतात. "मॅडम, सवलत फक्त आजच्या दिवस आहे."

माझ्या मावसबहिणीने अशाच एका फोनवर भरवसा ठेवला. ताई वडोदऱ्यात एका मालवाहतूक कंपनीत आहे. तिने एक लाख चाळीस हजार रुपये भरले, पाच महिने दर रविवारी कानाला हेडफोन लावून बसली आणि शेवटी एका मोठ्या संस्थेचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन ती एचआरकडे गेली तेव्हा कळलं, की हे एमबीए नव्हेच. हे प्रशिक्षण. बढतीच्या फाइलमध्ये त्याला जागा नाही.

शिकवणं वाईट नव्हतं, असं ती आजही सांगते. पण तिला हवी होती ती वस्तू ही नव्हती. म्हणून सुरुवात इथूनच करूया.

नेमकं काय विकत घेताय?

'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. त्याच्या पोटात किमान तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे नोकरी सोडून करायचा एक वर्षाचा पूर्णवेळ, निवासी कार्यक्रम. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळुरूचा ईपीजीपी, कोलकात्याचा एमबीएईएक्स हे त्यातले. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा जनरल मॅनेजमेंटचा कार्यक्रमही याच जातीचा. यांना साधारण चार-पाच वर्षांचा अनुभव लागतो, तोही ग्रॅज्युएशननंतरचा. हैदराबाद आणि मोहालीत असलेल्या आयएसबीचा पीजीपी एक वर्षाचाच, पण तिथे दोन वर्षांचा अनुभवही चालतो.

दुसरी, नोकरी चालू ठेवून करायचे कार्यक्रम. आयआयएम बंगळुरूचा पीजीपीईएम दोन वर्षांचा असून त्याचे वर्ग आठवड्याच्या शेवटी भरतात. मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीत चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत मार्केटिंग, फायनान्स, एचआर अशा विषयांतले तीन वर्षांचे पार्ट-टाइम मास्टर्स आहेत. आयआयएम कोझिकोड तर २००१ पासून दूरस्थ, संवादी वर्ग घेतंय. इग्नूचं एमबीए घरबसल्या होतं आणि त्याची पूर्ण फी एक लाखाच्या आत असते.

तिसरी गोष्ट म्हणजे काही महिन्यांची सर्टिफिकेटं. ताईने घेतलं ते हे.

ब्रोशरवर तिन्हींचे फोटो सारखेच दिसतात. हिरवळ, लाल विटांची इमारत, हसणारे चार जण. त्यामुळे फोनवरच्या माणसाला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा: शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर 'पदवी' असेल, 'पदविका' असेल की 'प्रमाणपत्र'? ईमेलवर उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर ते उत्तरच समजा.

हा फरक कुठे नडतो?

इथे एक गुंता आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. आयआयएम पूर्वी डिप्लोमाच देत असत. आयआयएम कायदा २०१७ चा, तो जानेवारी २०१८ च्या शेवटी लागू झाला. तेव्हापासून त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. एक्सएलआरआय आजही डिप्लोमा देतं, पण त्याला एआयसीटीईची मान्यता आहे. आयएसबी तर 'एमबीए' ही पदवी देतच नाही, तरी खासगी कंपन्यांत तिथल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझा कागद कसला. म्हणजे खासगी नोकरीत नाव चालतं. पण तुम्ही सरकारी खात्यात, सरकारी बँकेत किंवा सार्वजनिक उपक्रमात असाल, पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल, तर मान्यताच बघितली जाते.

ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी घेणार असाल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर यादी असते. त्यात विद्यापीठाचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, तुमचा कोर्स आणि तुमचं सत्र आहे का तेही बघा. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षी जानेवारीत एड-टेक कंपन्यांशी 'फ्रँचायझी' करून पदव्या विकणाऱ्यांबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती. कंपनीने तंत्रज्ञान पुरवणं वेगळं आणि कंपनीने प्रवेश, परीक्षा, पदवी सगळंच हाताळणं वेगळं.

पैशाचं गणित वहीवर करा

नामांकित संस्थांच्या एक वर्षाच्या कार्यक्रमांची फी आता तीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर आहे. समजा तुम्ही तीस लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता साधारण ३९,६५० रुपये बसतो आणि दहा वर्षांत साडेसतरा लाखांवर व्याज जातं. त्यात वर्षभराचा बुडालेला पगार मिळवा. आज हातात ८५ हजार येत असतील तर ते आणखी दहा लाख वीस हजार. घराचा हप्ता आधीच चालू असेल तर हे आकडे नवरा-बायकोने एकत्र बसून लिहावेत. एकाने मनातल्या मनात ठरवू नये, पुढे वर्षानुवर्षं त्यावरून टोमणे ऐकावे लागतात.

शिक्षणकर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, पण फक्त जुनी करप्रणाली निवडलेल्यांना आणि फक्त व्याजावर. नातेवाइकांकडून उसने घेतले असतील तर तीही नाही. कमी मुदतीच्या सर्टिफिकेटांच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या रकमेत धरलाय का ते विचारा.

ऑफिस खर्च उचलणार असेल तर छानच. मात्र त्यासोबत बाँड येतो. किती वर्षं थांबायचं, मध्येच सोडलं तर पूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने, हे सही करण्याआधी वाचा.

परीक्षा, निबंध आणि शिफारसपत्र

परीक्षेची भीती उगाच मोठी होते. मोठ्या पूर्णवेळ कार्यक्रमांना जीमॅट किंवा जीआरई लागते. सध्याची जीमॅट सव्वादोन तासांची, तीन भागांची आहे. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे मूल होण्याआधी किंवा बदलीच्या आधी परीक्षा देऊन ठेवता येते. वीकेंड आणि ऑनलाइन कार्यक्रमांसाठी अनेक संस्था स्वतःची परीक्षाही घेतात.

खरी गाडी अडते ती निबंधावर. ताईने तिचा निबंध मला तपासायला पाठवला (घरात इंग्रजी घेऊन बीए केलेली मी एकटीच, त्यामुळे लग्नपत्रिकेपासून सगळं माझ्याकडेच येतं). त्यात 'डायनॅमिक', 'पॅशनेट' आणि 'टीम प्लेयर' हे तिन्ही शब्द पहिल्या चार ओळींत होते. मी तिला फोन करून विचारलं, गेल्या वर्षी तू ऑफिसात सगळ्यात जास्त कधी वैतागली होतीस? ती वीस मिनिटं बोलली. गोदामातून माल वेळेवर निघायचा, पण बिलावरचा आणि गाडीवरचा वजनाचा आकडा जुळायचा नाही, म्हणून ट्रक फाटकावर तासन्‌तास उभे राहायचे. तिने वजन करायची जागाच बदलायला लावली. गोदामाच्या प्रमुखाने दोन महिने ऐकलं नाही, कारण ती वयाने लहान. तो निबंध तिथेच झाला. अनुभवी माणसाकडून संस्थेला हेच हवं असतं: काय अडलं, तुम्ही काय केलं, कोणाला पटवावं लागलं, कुठे चुकलात. आणि आता नेमकं काय येत नाही म्हणून शिकायला यायचंय. ताईला ताळेबंद वाचता येत नव्हता. तिने ते सरळ लिहिलं.

शिफारसपत्राचा पेच वेगळा. सध्याच्या बॉसकडे मागितलं तर तुम्ही निघालात असा त्यांचा समज होतो. वीकेंड कार्यक्रमाला मात्र ऑफिसची संमती अनेकदा लागतेच, तेव्हा त्यांना अंधारात ठेवून चालत नाही. पूर्णवेळसाठी अर्ज करत असाल तर आधीचे वरिष्ठ किंवा तुमचं काम जवळून पाहिलेला ग्राहक चालतो का, ते संस्थेला विचारा. निदान महिनाभर आधी सांगा आणि सोबत तुमच्या दोन-तीन कामांची टिपणं द्या. घाईत लिहिलेलं पत्र 'ही व्यक्ती मेहनती आहे' याच्या पुढे जात नाही. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती मिळायलाही वेळ लागतो, तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

घरच्यांना काय सांगाल?

परवानगी मागू नका, वेळापत्रक मांडा. हे ऐकायला उद्धट वाटेल, पण "मी एमबीए करू का?" या प्रश्नाला घरातला प्रत्येक जण "बघ बाई, जमेल का तुला?" एवढंच म्हणतो. "दोन वर्षं शनिवार-रविवार दुपारी मी वर्गात असेन, शनिवारी मुलाला कोण बघेल आणि रविवारचा स्वयंपाक कोण करेल?" असं विचारलं की उत्तरं येतात. ताईच्या सासूबाईंनी शनिवार घेतला. रविवार भावोजींवर आला, त्यात पहिले तीन रविवार खिचडीच होती. वर्गाला प्रवास असेल तर एका शनिवारी खरोखर जाऊन-येऊन बघा. नकाशावरचे दोन तास पावसाळ्यात दोन तास राहत नाहीत.

पूर्णवेळ कार्यक्रमाचा विचार ताईने सोडला, कारण मुलगा चार वर्षांचा आहे आणि घराचा हप्ता चालू आहे. नोकरी चालू ठेवून होणाऱ्या दोन वर्षांच्या पदवीसाठी तिने अर्ज केला. मुलाखतीत तिला विचारलं, घरी लहान मूल, दिवसभर काम, अभ्यासाला वेळ कुठून काढणार? तिने फोन काढून फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकाचा फोटो दाखवला. त्यात रविवारच्या रकान्यात भावोजींच्या अक्षरात लिहिलंय, 'खिचडी (पर्याय शोधत आहे)'. समितीतले एक सर मोठ्याने हसले. जूनपासून तिचे वर्ग सुरू होतायत.