फीच्या डब्यात हात कोणी घातला?

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही दहिसरचे दोघे-चौघे कार्यकर्ते तिथेच सतरंजीवर बसतो आणि मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. एकदा घरकाम करणाऱ्या एक ताई लेकीला घेऊन आल्या. लेकीची शिष्यवृत्ती खात्यात आलेली नव्हती. “मग परीक्षेची फी कशी भरलीत?” आम्ही विचारले. ताई म्हणाल्या, “लाडक्या बहिणीचे दीड हजार आले होते ना भाऊ, त्यातूनच भरली.”

ताईंना वाटले, सरकारने एक अडचण भागवली. आम्ही पडलो कारकून, आमचे लक्ष पैसा कोणत्या खात्यातून निघाला याकडे जाते.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेसाठी महिला व बालविकास विभागाकडे वळवले. एकूण ७४६ कोटी. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली.

त्या ताईंच्या लेकीचे पैसे याच कारणाने अडकले, असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न साधा आहे. आपल्या घरी आई पगाराचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवते. एक भाड्याचा, एक किराण्याचा, एक लेकरांच्या फीचा. पाहुणे आले तर ती किराण्यातून भागवते, शेजारणीकडून उसने आणते, पण फीच्या डब्याला हात लावत नाही. चौथी शिकलेल्या आईला जे कळते, ते मंत्रालयाला कळू नये काय?

अनुसूचित जातींसाठीचा हा डबा नवा नाही. १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढायचा, असा तिचा पाया. हा निधी दुसरीकडे वळवू नये व तो व्यपगतही होऊ नये, असे नियोजन आयोगाने पुढे स्पष्ट बजावले होते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे, हा वाटा आहे.

सरकारची बाजूही ऐकू. त्यांचे म्हणणे असे की, लाडक्या बहिणींत मागासवर्गीय भगिनीही आहेत, मग पैसा त्यांच्याकडेच गेला. भगिनींना जरूर द्यावे, आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. परंतु ही योजना सर्व समाजांतील गरजू स्त्रियांसाठी आहे. इतर भगिनींचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून आणि आमच्या भगिनींचे मात्र लेकरांच्या डब्यातून, हा कोणता न्याय? मे २०२५ मध्ये दोन्ही योजनांची उत्पन्न-मर्यादा अडीच लाखच होती. म्हणजे घर तेच. आईच्या हातावर ठेवायचे आणि लेकीच्या ताटातून काढायचे!

जरा हिशेब करा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेत मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपये धरले आहेत. ४१०.३० कोटींत असे ६८ हजारांहून अधिक विद्यार्थी वर्षभर राहिले-जेवले असते.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ सालचा. १९४९ मध्ये घटना समितीत त्यांनी महालेखापरीक्षकाला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. मंजूर कामापलीकडे पैसा जातो की काय, हे पाहणारा पहारेकरी हवा, हे त्यांनी ओळखले होते.

आंध्र प्रदेश व कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला. पण कायदा असूनही कर्नाटकात हा निधी ‘गॅरंटी’ योजनांकडे वळवल्याचा वाद झालाच. तेव्हा कायदा हवा, आणि जागता समाजही हवा.

बंधू-भगिनींनो, माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मुंबई उपनगरच्या समाजकल्याण कार्यालयाला तीन प्रश्न विचारा : शिष्यवृत्तीसाठी तरतूद किती होती? हाती किती आली? ३१ मार्चपर्यंत खर्च किती झाली?

त्या ताईंच्या लेकीने असा अर्ज आमच्यासमोर स्वतःच्या अक्षरात लिहिला. आईने खाली वाचून पाहिले आणि म्हणाली, “माझं पण नाव टाक.”