तालुका न्यायालयातील मोफत विधी सेवा

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस सह्याद्रीला लागून असलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचे दोन भाग पडतात. नारायणगाव, ओतूर, मंचर हा पूर्वेकडील भाग बागायती असून पश्चिमेस नाणेघाट, घाटघर, आहुपे येथपर्यंत भातखाचरे व हिरड्याचे रान आहे. तेथे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. आहुप्याच्या शेतकऱ्याला घोडेगावच्या न्यायालयात तारखेस हजर राहावयाचे, तर त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. जिल्हा न्यायालय तर पुण्यास शिवाजीनगर येथे. अशा माणसाच्या हाती बेलिफाने समन्स ठेवले म्हणजे पहिला प्रश्न पडतो तो वकिलाचा, आणि दुसरा त्याच्या फीचा.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर न्यायालयाच्या आवारातच मिळते. जुन्नर व घोडेगाव येथे तालुका विधी सेवा समिती असून तालुक्यातील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. अर्ज समितीकडे द्यावयाचा असतो. अर्जदाराला लिहिता येत नसल्यास त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते. अर्ज मान्य झाल्यावर समितीच्या यादीतील वकिलाची नेमणूक होते, न्यायालयीन शुल्क व नकलांचा खर्च भागविला जातो आणि वकिलाची फी विधी सेवा प्राधिकरण देते. त्या वकिलाने पक्षकाराकडून स्वतंत्रपणे काहीही घ्यावयाचे नसते. कोणी मागितल्यास समितीकडे तक्रार करता येते.

या व्यवस्थेस मोठा पूर्वेतिहास आहे. तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ साली न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. पुढे त्यांचेच चिरंजीव न्या. पी. एन. भगवती हे देशातील विधी साहाय्य चळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक ठरले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ संविधानात आला. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात एका कैद्याने आपल्याला निकालाची नक्कल फार उशिरा मिळाल्याचे सर्वोच्च न्यायालयास सांगितले. त्याची याचिका फेटाळली गेली. परंतु कैद्यास निकालपत्राची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे व अपिलासाठी गरजूला वकीलही मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. त्यानंतर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला.

या अधिनियमाच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि मोठ्या आपत्तीत सापडलेले लोक यांना मोफत विधी सेवा मिळू शकते. त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे व त्याबाबत सामान्यतः प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जाते. याचा अर्थ असा की, पश्चिम पट्ट्यातील बहुतेक आदिवासी कुटुंबे व दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक स्त्री या सेवेस पात्र आहे. हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

आपत्तीचा उल्लेख येथे केवळ कायद्यातील शब्द म्हणून राहत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ जण मृत्युमुखी पडले. पुनर्वसित माळीण २०१७ साली उभे राहिले. अशा आपत्तीत घरासोबत कागदही मातीखाली जातात. मागे राहिलेल्यांना मृत्यूची नोंद, सातबारावरील वारसनोंद, बँकेतील रक्कम यांसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. त्यातही एक अडचण अशी की, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. वारसा रूढीनुसार ठरतो, आणि वाद झाल्यास ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. जाणत्या वकिलाशिवाय हे काम होणे कठीण. आदिवासींच्या जमिनीचेही तसेच आहे. बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी १९७४ चा अधिनियम आहे, वनहक्कासाठी २००६ चा. पण दाव्यासोबतचा पुरावा अपुरा राहिला तर खरा हक्कदारही मागे पडतो.

विलंब हा गरीब पक्षकाराचा सर्वांत मोठा शत्रू होय. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावयाची असते. न्यायालय सकारण मुदत वाढवून ९० दिवसांपर्यंत नेऊ शकते. समन्स घरातील फळीवर पडून राहिले तर एकतर्फी हुकूमनामा होण्याची भीती असते. तो रद्द करून घेणे शक्य असले, तरी त्यासाठी गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते. म्हणून समन्स येताच समितीकडे जाणे हेच शहाणपणाचे. गावोगाव फिरणारे विधी स्वयंसेवक अर्ज भरण्यास मदत करतात व १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही माहिती मिळते.

समितीमार्फत लोकअदालतही भरविली जाते. धनादेश न वटल्याची प्रकरणे, मोटार अपघाताची नुकसानभरपाई, बँकांची वसुली असे वाद तेथे तडजोडीने मिटतात व भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. लोकअदालतीच्या निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असून त्याविरुद्ध अपील चालत नाही. तेव्हा तडजोडीवर सही अथवा अंगठा उठविण्यापूर्वी तो कागद आपल्या भाषेत समजून घेणे अगत्याचे आहे. तसा आग्रह धरण्याचा पक्षकारास पूर्ण अधिकार आहे.

फौजदारी प्रकरणांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ साली लोक अभिरक्षक योजना आखली. यात खासगी वकिली न करता केवळ आरोपींच्या बचावाचे काम पाहणारे पूर्ण वेळ वकील नेमले जातात. सरकारी वकिलांचे कार्यालय पूर्वीपासून होतेच. आरोपीच्या बाजूनेही तसे कार्यालय असावे, ही कल्पना अंमलात येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

फुकटचा वकील मनापासून काम करील काय, अशी शंका गावात नेहमी काढली जाते. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. यादीतील वकिलांना मिळणारी फी माफकच असते. मात्र नेमलेल्या वकिलाचे काम समाधानकारक नसल्यास पक्षकार समितीकडे अर्ज करून वकील बदलून मागू शकतो. या अर्जालाही शुल्क नाही.