पगार थकला, काम सुटले : कारागिराला वकील फुकट मिळतो

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे लूमवरचा कारागीर मीटरवर मजुरी घेतो. त्याचा हिशेब मालकाच्या किंवा मुकादमाच्या वहीत असतो. कारागिराच्या हातात कागदाचा तुकडाही नसतो. पगार अडला किंवा काम सुटले की अडचण येथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानावर ओळखीचा एक विणकर आला. नऊ वर्षे एकाच कारखान्यात काम केलेले. मुकादमाने त्याला "उद्यापासून येऊ नकोस" असे तोंडी सांगितले आणि कापडात दोष निघाला म्हणून दोन पंधरवड्यांची मजुरीही अडवली. तो म्हणाला, "सेठ, वकिलाला द्यायला पैसे असते तर मजुरीसाठी फिरलो असतो का?" इतकी वर्षे कापडाचा धंदा करूनही आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्याबरोबर तालुका कोर्टात गेलो तेव्हा जे कळले, ते आमच्या सर्व कारागीर आणि व्यापारी बांधवांना ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहोत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. स्त्रियांनाही हीच सवलत आहे, मग त्या कांडी भरणाऱ्या असोत की शिलाई करणाऱ्या. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, सर्व त्यात येते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा कोर्टातील विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावा. माहितीसाठी 15100 हा फोन क्रमांक आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्र सरकारने नव्या कामगार संहिता लागू केल्या. त्यांतील वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत आणि पंधरवड्याचा पगार पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत दिला पाहिजे. कामगाराला काढले, किंवा त्याने स्वतः काम सोडले, तरी त्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो. मालाच्या नुकसानीबद्दल कापायचे असेल तर नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले हवे, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही.

पगार थकला तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. कामगार स्वतः करू शकतो, किंवा तो सभासद असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार संहितेने दिला आहे. पगार दिला की नाही असा वाद झाला, तर दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. म्हणून कागद नाही या भीतीने कोणी घरी बसू नये.

कामावरून काढल्याचा प्रश्न वेगळा आहे. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला काम नाही म्हणून कमी करायचे असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. वर्षात 240 दिवस काम भरले तर ते सलग वर्ष धरतात. दिवसाची सरासरी मजुरी 600 रुपये धरली, तर नऊ वर्षांचे 135 दिवस, म्हणजे 81,000 रुपये होतात. नोटिशीचा पगार वेगळा. बेकायदा काढले असेल तर कामगार कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत तक्रार न्यावी. तेथे समेट झाला नाही तर पुढे न्यायाधिकरण आहे.

कारागिराने काय करावे? रोजची हजेरी आणि विणलेले मीटर स्वतःच्या वहीत लिहावेत. बँकेचे पासबुक, विम्याचे कार्ड, मोबाईलवरील निरोप सांभाळावेत. तोंडी काढले तर "मी कामावर यायला तयार आहे" असे पत्र लगेच स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. नाहीतर "तो स्वतःच यायचा बंद झाला" असे उत्तर हमखास येते. 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर, किंवा कोऱ्या कागदावर, पैसे हाती आल्याशिवाय अंगठा अगर सही करू नये.

आमच्या व्यापारी बांधवांनाही एक गोष्ट सांगायची आहे. बाजार मंदा असतो, पार्टीचे पेमेंट तीन-तीन महिने अडकते, हे आम्हीही भोगतो. परंतु उधारीचा धोका धंदा करणाऱ्याने घ्यायचा असतो. तो मजुराच्या पगारावर ढकलता येत नाही. पगाराची चिठ्ठी द्यावी, उचल आणि कपात लिहून ठेवावी. हा कागद मालकालाही वाचवतो.

त्या विणकराची मजुरी कामगार अधिकाऱ्याचे बोलावणे गेल्यावर मिळाली. काढल्याबद्दलच्या भरपाईसाठी मात्र त्याला पुष्कळ तारखा घालाव्या लागल्या, कारण तो आमच्याकडे आला तेव्हाच आठ महिने उलटले होते आणि सोबतचे कारागीर गावी निघून गेले होते. वकील फुकट मिळाला, पण साक्षीदार मिळेनात. म्हणून वेळेत जावे.