कण्याचे ऑपरेशन : घाई नको, भीतीही नको

एका बाजूला झुकून, कंबर धरून चालणारी आई-मावशी आपण पाहतो. कंबरेतला कणा असा बाजूला वळला की ऑपरेशन करावे का, हा प्रश्न घरात उभा राहतो. उत्तर अमेरिकेतील ९ केंद्रांत ४० ते ८० वयाच्या २८६ रुग्णांचा दोन वर्षे अभ्यास झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन करून घेतलेल्यांचे दुखणे बरेच कमी झाले. न केलेल्यांचे सुधारले नाही, पण फारसे बिघडलेही नाही. मात्र ऑपरेशन झालेल्या शंभरात सुमारे १४ जणांना पुन्हा ऑपरेशन करावे लागले.

म्हणून आम्ही सांगतो, दुखणे सोसवत असेल तर घाईने कर्ज काढू नका. जगणेच अडले असेल तर भीतीने टाळू नका. डॉक्टरांना फायदा आणि धोका दोन्ही विचारा.