घरच्या पातेल्यातली बिअर

अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली; बिअर मात्र त्या मुभेतून सुटली ती सुटलीच. पुढची ४५ वर्षं स्वतःपुरती बिअर करणाराही कायद्याच्या लेखी गुन्हेगार होता. या काळात लहान ब्रुअऱ्या एकामागून एक बंद पडल्या किंवा बड्यांनी गिळल्या. १९७०चं दशक संपत आलं, तेव्हा एवढ्या मोठ्या देशात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. जिथे जावं तिथे तीच फिकट, थंडगार लागर.

ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती हौशी माणसांच्या घरात, आणि पहिला धागा जातो ब्रिटनकडे. तिथल्या सरकारने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. त्याच दशकात अमेरिकी नौदलातला जॅक मॅकॉलिफ स्कॉटलंडमध्ये नेमणुकीवर होता. घरी बिअर करायला तो तिथेच शिकला. मायदेशी परतल्यावर १९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सोनोमाजवळ ‘न्यू अल्बियन’ ही चिमुकली ब्रुअरी काढली. एवढ्या लहान ब्रुअरीसाठी यंत्रसामग्री बाजारात मिळतच नव्हती. डेअरीतली जुनी भांडी, भंगारातली पिंपं जोडून त्याने ती स्वतः उभी केली. बिअरचं कौतुक झालं, पण खर्च भागेना. १९८२ मध्ये टाळं लागलं.

मधल्या काळात कायदा बदलला होता. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त करता येऊ लागली. अट एकच, विकायची नाही. त्याच वर्षी बोल्डर गावात घरगुती बिअरचे वर्ग घेणाऱ्या चार्ली पापाझियन यांनी सहकाऱ्यासोबत ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ स्थापन केली. १९८४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने हजारोंची भीड चेपली.

कृती तशी सोपी, पण शिस्तीची. मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा अर्क पाण्यात तासभर उकळायचा. कडवटपणासाठी हॉपची फुलं सुरुवातीला, सुगंधासाठी शेवटी. मग तो झपाट्याने गार करून यीस्ट घालायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत भांड्याच्या तोंडावरच्या एअरलॉकमधून बुडबुडे येऊ लागतात. साधारण दोन आठवड्यांनी बाटल्या भरताना थोडी साखर घातली, की बंद बाटलीत वायू धरतो. सगळी भिस्त स्वच्छतेवर. निर्जंतुक न केलेली एक नळीही अख्खी खेप आंबट करू शकते.

या शिस्तीतूनच उद्योग उभा राहिला. चिको गावात घरगुती बिअरच्या साहित्याचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनने न्यू अल्बियन पाहिली आणि १९८० मध्ये पॉल कमूसीसह ‘सिएरा नेवाडा’ सुरू केली. तीही डेअरीच्या जुन्या सामानावर. त्यांच्या पेल एलमध्ये कॅस्केड हॉपचा, पपनसाच्या सालीची आठवण देणारा वास होता. अमेरिकी क्राफ्ट बिअरची ती ओळखच झाली. घरगुती बिअरवरची आपापली बंदी उठवायला मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना मात्र २०१३ उजाडलं. आज देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत.

महाराष्ट्रात हे वारं २००९ मध्ये पुण्यात ‘डुलाली’च्या रूपाने आलं आणि ताजी, स्थानिक बिअर म्हणजे काय हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. पण इथला प्रवास थेट परवानाधारक ब्रुअरीपासून सुरू झाला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं आजही गुन्हा आहे. हातभट्टीचे बळी पाहिलेल्या राज्याने सावध असणं योग्यच. तरीही बिअर नुसती आंबवतात, हातभट्टीची दारू ऊर्ध्वपातनाने गाळतात. अमेरिकेच्या १९७८च्या कायद्याने पहिलीला मोकळीक दिली, दुसरीला नाही. तीच रेघ आपल्याकडेही ओढता येईल. ठरावीक मर्यादेत, विक्रीला पूर्ण मज्जाव ठेवून, घरगुती बिअरला शासनाने परवानगी द्यावी.