प्रागच्या चौकातील माध्यान्हीची सावली

प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात येणाऱ्यांची पावले बहुधा 1410 सालच्या खगोलीय घड्याळापाशी खिळतात आणि दर तासाला खिडक्यांतून सरकणारे प्रेषित दिसले की गर्दी पांगते. मात्र याच चौकाच्या फरसबंदीत बसवलेल्या एका पितळी पट्टीवरून माणसे नकळत चालून जातात. ही पट्टी म्हणजे प्रागची याम्योत्तर रेषा, अर्थात नेमकी दक्षिणोत्तर जाणारी अशी रेषा की तिच्यावर उभ्या वस्तूची सावली पडली म्हणजे त्या स्थळी माध्यान्ह झाली असे समजावे. ही सावली पुरवीत असे तो मेरीस्तंभ, म्हणजे माथ्यावर कुमारी मेरीची मूर्ती असलेला दगडी खांब, आणि त्याच्यावरून झालेला वाद शंभर वर्षांहून अधिक काळ रेंगाळला.

स्तंभ उभारला गेला 1650 मध्ये, सम्राट तिसऱ्या फर्डिनांडच्या इच्छेने, आणि त्याचे शिल्पकाम यान यिर्झी बेन्डल याने केले. निमित्त होते 1648 च्या वेढ्याचे. स्वीडिश फौजेने नदीपलीकडील किल्ला आणि त्याखालची वस्ती घेतली होती. परंतु जुने शहर तिच्या हाती लागले नाही, कारण नागरिक आणि विद्यार्थी चार्ल्स पुलाच्या या टोकाशी टिकून राहिले. म्हणजे हे स्मारक मूलतः शहर वाचल्याच्या कृतज्ञतेचे होते. तथापि त्याच चौकात 21 जून 1621 रोजी हाब्सबुर्ग सत्तेविरुद्धच्या बंडाच्या 27 पुढाऱ्यांना देहदंड दिला गेला होता, आणि सम्राटाने उभारलेल्या खांबाच्या पायथ्याशी राक्षसांना लोळवणारे देवदूत पाहताना चेक मनाला ते राक्षस आपणच आहोत असे वाटावे, यात नवल नव्हते. 1620 च्या बिला होरा, म्हणजे श्वेत टेकडी, येथील पराभवाचे विजयचिन्ह म्हणजे हा स्तंभ, अशी समजूत रुजली आणि वेढ्याची आठवण मागे पडली.

या समजुतीला हात-पाय मिळाले ते 3 नोव्हेंबर 1918 रोजी. चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताक जाहीर होऊन सहाच दिवस झाले होते आणि त्या टेकडीवरच्या सभेतून परतणारा जमाव चौकात जमला. त्याच्या अग्रभागी होता फ्रांटा साउअर, कामगारवस्ती झिझकोव्हचा, अराजकवादी विचारांचा, लेखकांत ऊठबस असलेला इसम. लेखक यारोस्लाव हाशेकचा तो मित्र होता आणि साउअरांच्याच घरातून हाशेकच्या ‘श्वेइक’ या कादंबरीचे पहिले भाग प्रकाशित झाले. झिझकोव्हच्या अग्निशामकांच्या शिड्या व दोर आणून स्तंभ खाली ओढण्यात आला आणि तो 1915 मध्ये उभारलेल्या धर्मसुधारक यान हुसच्या स्मारकाला धक्का न लावता कोसळला. मूर्तिभंजनातही इतका हिशेब असावा, हे साउअरच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते. मेरीच्या मूर्तीचे मस्तक राष्ट्रीय संग्रहालयाच्या शिल्पदालनात जपून ठेवले गेले. मृत्यूपूर्वी, म्हणजे 1947 मध्ये, साउअरला पश्चात्ताप झाला असे सांगितले जाते. पण ही कथा स्तंभाच्या पुरस्कर्त्यांना फारच सोयीची असल्याने ती थोड्या सावधपणेच घ्यावी लागते.

साम्यवादी राजवट कोसळल्यावर 1990 मध्ये स्तंभाच्या पुनरुभारणीसाठी एक संस्था स्थापन झाली. जागेवर बसवलेल्या दगडात ‘येथे स्तंभ उभा होता आणि पुन्हा उभा राहील’ अशा अर्थाचा मजकूर होता. त्यातील भविष्यकाळ पुढे छिन्नीने उडवण्यात आला. व्याकरणावर इतका राग निघाल्याची उदाहरणे इतिहासात थोडीच सापडतील. मूर्तिकार पेट्र वान्या याने वर्षानुवर्षे प्रतिकृती घडवली, 2019 च्या मे महिन्यात परवानगीच्या वादातच चौकातली फरसी उकरायला घेतली, आणि पोलिसांनी त्याला थांबवले. अखेर जानेवारी 2020 मध्ये नगरसभेने संमती दिली आणि त्याच वर्षीच्या 4 जूनला मेरीची मूर्ती माथ्यावर चढली. विरोधकांना यात कॅथलिक वर्चस्वाचे पुनरागमन दिसले, समर्थकांना जुन्या अन्यायाची भरपाई. सावलीचा प्रश्न मात्र दोघांच्याही भाषणांत तोंडी लावण्यापुरताच आला.

खरे पाहता पाडापाडीने या रेषेचा काटाच हिरावला गेला होता. प्राग 14 अंश 25 कलांच्या आसपास पूर्व रेखांशावर असल्याने आणि मध्य युरोपीय प्रमाणवेळ 15 अंशांची असल्याने येथील सूर्य घड्याळाच्या सरासरी सव्वादोन मिनिटे मागे चालतो; त्यात उन्हाळी वेळेचा एक तास मिळवला आणि ऋतूनुसार होणारा काही मिनिटांचा फरक धरला, की जुलैच्या निरभ्र दिवशी स्तंभाची सावली पितळी पट्टीवर येते ती एक वाजून आठ मिनिटांच्या सुमारास.