इंजिनातला मेणाचा पहारेकरी

महाडहून दक्षिणेकडे निघालो की पोलादपूर लागते. तेथे मुंबई-गोवा महामार्ग सोडून डावीकडे वळले की आंबेनळी घाट सुरू होतो. सुमारे ४० किलोमीटरांत आपण समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरांच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरला पोहोचतो. मे महिन्यात अशा घाटात बॉनेट उघडून उभी असलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. पुढून वाफेचे लोट निघत असतात, आणि जमलेल्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, म्हणजे गाडी तापायची नाही!"

मित्रांनो, हा सल्ला बरोबर आहे का? उत्तर शोधायचे तर थर्मोस्टॅट करतो तरी काय, ते आधी पाहू.

उष्णता नको, पण हवीसुद्धा!

पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरातील वायूंचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आतला दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग दट्ट्या वितळत कसा नाही? कारण सिलिंडरांभोवती पाणी खेळवलेले असते. पंपाच्या जोरावर हे पाणी इंजिनातली उष्णता उचलते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाऱ्याला देते आणि थंड होऊन परत येते.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांतही हीच युक्ती वापरतात. ज्या भांड्यात रासायनिक क्रिया चालते, त्याला बाहेरून दुसरे कवच असते. त्यातून कधी थंड पाणी, तर कधी वाफ सोडून तापमान हवे तेवढेच राखतात. क्रिया फार तापली तर धोका, फार थंडावली तर काम अडते.

इंजिनाचेही तसेच. ते थंड असले तर तेल घट्ट राहते. पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि ते न जळताच सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ तेलात थिजते, गाळ साचतो आणि भाग लवकर झिजतात. म्हणूनच बहुतेक इंजिनांना ९० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते.

मेणाची ताकद

सकाळी गाडी सुरू केली की इंजिन लवकर तापावे, आणि तापल्यावर मात्र फार तापू नये, हे दोन्ही कोणी सांभाळायचे? हे काम थर्मोस्टॅटचे. ही रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर बसवलेली एक छोटी झडप असते. तिच्या पितळी डबीत मेण भरलेले असते. पाणी थंड असते तोवर स्प्रिंग झडप बंद ठेवते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास गेले की मेण वितळते, फुगते आणि एका दांड्याला रेटून झडप उघडते. पाणी थंडावले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप पुन्हा लावून घेते. वीज नाही, तार नाही, की माणूस नाही!

वितळताना मेण खरेच फुगते का? मोठ्या माणसाला सोबत घेऊन थोडे मेण वाटीत वितळवा आणि थिजू द्या. मध्यभागी खळगा पडलेला दिसेल. थिजताना मेण आकसले, म्हणजेच वितळताना ते फुगले होते.

पूर्वी या झडपेत चटकन वाफ होणारा द्रव भरलेली, भात्यासारखी घडीची डबी असे. परंतु पाण्याचा दाब वाढला की ती फसे. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाची डबी तयार केली. तिच्यावर दाबाचा फारसा परिणाम होत नाही.

मग तो सल्ला?

घाट चढताना इंजिनावर भार जास्त आणि वेग कमी. म्हणजे उष्णता भरपूर, पण रेडिएटरला वारा थोडा. अशा वेळी झडप बंदच अडकून बसली तर पाणी उकळणारच. पण झडप काढून टाकली तर घाट उतरताना आणि पावसाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही, पेट्रोल जास्त लागते. शिवाय पुष्कळ इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूने आडवाट बंद करते. झडपच नसली तर ती आडवाट उघडी राहते, बरेच पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरते, आणि गाडी उलट जास्तच तापते. खरा उपाय म्हणजे नवी झडप बसवणे.

नवी झडप बसवताना

काम थंड इंजिनावरच करतात. मेकॅनिक आधी थोडे पाणी काढून घेतो आणि झाकणाचे बोल्ट सोडतो. नवी झडप बसवताना तिची मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला राहील हे पाहतो. झडपेच्या कडेला बारीक छिद्र असेल तर ते वरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे हवा निघून जाते. जुने गॅस्केट खरवडून नवे घालतात. त्याच वेळी रबरी नळ्या, पट्टा आणि पंखाही तपासून घेतात.

स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक पंचाईत असते. १९८४ साली आलेल्या टोयोटा एमआर२ सारख्या गाडीत इंजिन आसनांच्या मागे, तर रेडिएटर थेट नाकाशी! मधल्या लांब नळ्यांत हवा अडकते. हवेचा बुडबुडा पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, आणि मेणाच्या डबीभोवती तो अडकला तर तिला पाण्याचे तापमान वेळेवर कळतच नाही. म्हणून पाणी भरताना हवा काढण्याचे स्क्रू सैल करून सगळी हवा बाहेर जाऊ देतात.

पाण्यात कूलंट मिसळायचे. कोकणात पाणी गोठत नाही, तरीही कूलंट गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढवते. मात्र त्यातले ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते. सांडलेले लगेच धुऊन टाका, कुत्र्यामांजरांना चाटू देऊ नका.

झाकणाला हात लावू नका!

महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. मग गाडीतले कसे टिकते? रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो. त्याच क्षणी पाणी उकळून कारंज्यासारखे उसळते आणि तोंड, हात भाजून निघतात.

म्हणून घाटात काटा वर जाऊ लागला तर वातानुकूलन बंद करून गाडीतला हीटर पूर्ण चालू करायला सांगा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे! वाफ दिसली तर मात्र गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि रबरी नळी थंड लागेपर्यंत थांबा. कुणी घाईने झाकणाकडे हात नेला, तर त्याला आधी आवरा. आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर तुमच्या वाटीतल्या मेणाची गोष्ट त्याला जरूर सांगा.